चांगुणाबाईंचा पाव्हणा

प्रिय ईरा, प्रिय निषाद,

तुमच्या बाबाने माझ्यासाठी बोलणारं यंत्र मागवलं आहे, हे मला परवा कळलं. त्याला नाव काय द्यायचं यावरून तुम्ही दोघं भांडलात, तेही कळलं. मी नको म्हणणार नाही. गेली चार वर्षं मी स्वतः लोकांच्या घरी ही यंत्रं मांडत आले आहे, नको म्हणायला मला तोंड कुठे आहे? पण ते माझ्या घरी येण्याआधी या कामाची थोडी हकीगत तुम्ही वाचावी असं वाटतं. इथल्या एका दिवाळी अंकाने लेख मागितला, तेव्हा मी संपादकांना विचारलं, नातवंडांना लिहिलेलं पत्र चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण इंग्रजी फार नको. तुमचं मराठी वाचन रविवारच्या वर्गात कुठवर आलं आहे ते मला माहीत आहे, म्हणून वाक्यं लहान ठेवते. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा.

मी कर्जतच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी कपाटं आवरली. आवरायला काही उरलं नाही तेव्हा एका संस्थेची जाहिरात दिसली. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी बोलणारी यंत्रं ठेवायची होती. त्यासाठी कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हिंडणारं, इंग्रजी वाचणारं आणि म्हाताऱ्या माणसांना दारातून परत न पाठवावंसं वाटेल असं माणूस हवं होतं. तिसरी अट मी पुरी करते की नाही याची मला खात्री नव्हती. तरी अर्ज केला. माझ्या पदाचं नाव लांबलचक होतं. गावात मला 'मशीनवाल्या बाई' म्हणतात.

यंत्र म्हणजे काय ते सांगते. सिनेमातल्यासारखे हातपाय त्याला नसतात. दोन किलो तांदूळ मावतील एवढा पांढरा डबा, वर गोल काचेचं तोंड, त्यात उजेडाचे दोन डोळे. कुणी बोललं की मान तिकडे वळते. आत मोबाइलचं सिमकार्ड असतं, कारण आमच्या गावांत वायफाय नाही. वीज गेली तरी ते सहा तास चालतं. सकाळी 'उठलात का?' विचारतं, गोळीची आठवण करतं, सांगाल ते भजन लावतं, गप्पा मारतं. ठरावीक वेळी प्रश्न विचारून तीनदा उत्तर आलं नाही, तर घरच्यांना आणि मला फोनवर निरोप पाठवतं. त्याला कॅमेरा नाही. हे मला प्रत्येक घरात समजावून सांगावं लागायचं.

"ते ऐकतं, बघत नाही," असं मी चांगुणाबाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग डोळं कशाला दिल्यात त्याला?"

संस्थेची कचेरी पुण्यात आहे. तिथल्या तरुण इंजिनिअरला, प्राचीला, मी हा प्रश्न इंग्रजीत करून पाठवला. तिने तो जसाच्या तसा तिच्या साहेबांकडे पाठवला.

अशी अकरा घरं माझ्याकडे होती. सगळ्यांची हकीगत सांगत बसत नाही. खालापूरच्या फोरमनसाहेबांची मात्र सांगते. ते खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पत्नी गेलेल्या, मुलगी परदेशात. पहिला महिनाभर ते यंत्राशी बोललेच नाहीत. का, तर त्याची रीतसर ओळख करून दिली गेली नव्हती. मी जाऊन ओळख करून दिली. मग त्यांनी त्याच्यासाठी एक वही घातली आणि लाल पेनाने शेरे लिहू लागले. 'प्रश्न क्रमांक तीनचे उत्तर असमाधानकारक.' 'सेवकाने मालकाला सल्ला देऊ नये.' पण एक दिवस ते मला म्हणाले, "बाई, मी ह्याला खोटं सांगतो. गोळी घेतली नसली तरी घेतली म्हणतो. बायको असती तर डबी उघडून बघितली असती, भांडली असती. हे नुसतं 'बरं' म्हणतं. त्या 'बरं'नेच मला कसंसं होतं. उठून गोळी घेतो." मी हे अहवालात लिहिलं. तो 'बरं' कुणी मुद्दाम शोधून काढला, असं पुण्यात विचारलं गेलं. कुणीच नाही. यंत्राला पुढे काय बोलायचं ते मीच मराठीत लिहून द्यायची, आणि त्या ठिकाणी मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता चांगुणाबाई. कडावच्या अलीकडे रस्त्यापासून आत त्यांचं घर आहे. पुढे ओटी, मग एक खोली, मागे चूल आणि मोरी. वय विचारलं तर सांगायच्या, "मोजलं नाय कुनी." नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक मुरबाडला दिलेली, मुलगा सुरेश कळंबोलीला, कंपनीत नोकरीला. शेजारी दहा पावलांवर नंदा, पन्नाशीची, भावकीतली. ती त्यांना काकू म्हणते.

यंत्र सुरेशनेच मागितलं. आई कळंबोलीला यायला तयार नव्हती आणि त्याला झोप लागत नव्हती. तो मला स्पष्ट म्हणाला, "बाई, हे चाललं तर ती राहील तिथं. नाही चाललं तर मी तिला उचलून आणणार." म्हणजे त्या डब्यावर चांगुणाबाईंचं घर टेकलेलं होतं. त्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी यंत्राला फार मानाने वागवलं. त्याचं नाव ठेवलं पाव्हणा. आवाज बाईचा होता, पण त्यांच्या लेखी तो पुरुषच. पाव्हण्यासमोर त्याला न देता जेवणं बरं दिसत नाही, म्हणून जेवताना त्या त्याचं तोंड भिंतीकडे फिरवायच्या. घराबाहेर पडताना त्याला सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडायच्या नाहीत. "लाकडं आनायला जाते रं, बस तू," असं म्हणून जायच्या. बाहेर जात असल्याचं सांगितलं की ते गप्प राहतं आणि माझ्या फोनवर तशी नोंद येते. अकरांपैकी दहाजण हे सांगायला विसरायचे. चांगुणाबाई कधीच नाही.

आता माझी चूक सांगते.

यंत्राला आवाजाचा त्रास होतो. घराबाहेरून टेंपो गेला, कोंबडी ओरडली, की ते गोंधळतं. एकदा चांगुणाबाईंच्या दारात सुकी मासळीवाली आली. तिने "बोंबील, जवला!" अशी हाक दिली आणि आतून पाव्हणा म्हणाला, "मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?" तिने पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं. चौथ्या वेळी ती टोपली खाली ठेवून आत शिरली आणि म्हणाली, "कोन गं ही शानी? भाव करायचा तर भायेर ये!" चांगुणाबाई हसून हसून खाली बसल्या. पुण्यात मात्र कुणी हसलं नाही. त्यांच्या तक्त्यात त्या घरी चुकीची उत्तरं फार दिसत होती. घरातला गोंगाट कमी करा, असं मला कळवण्यात आलं.

मला नेमकेपणा आवडतो, हे तुम्ही जाणता. तुमच्या बाबाच्या शाळेच्या डब्यावरही मी सूचना चिकटवायची. मी एक पानाचं सूचनापत्रक तयार केलं, सुवाच्य अक्षरात, आणि अकरा घरांत भिंतीवर लावलं. चौथी सूचना अशी होती : 'यंत्र असलेल्या खोलीचे दार दिवसा लावून घ्यावे.'

शहरातल्या इमारतीत या वाक्यात काही वावगं नाही. मी स्वतः कर्जतला दुसऱ्या मजल्यावर राहते, दार लावूनच. पण गावात दिवसा पुढचं दार उघडं असतं. माणूस घरात असल्याची ती खूण असते. येणारा-जाणारा ओटीवरून आत डोकावतो, "काय गं, भाकरी झाली?" म्हणतो आणि उत्तर येण्याआधी पुढे जातो. दार लावलेलं असलं तर घरात कुणी नाही, परगावी गेले, असंच सगळे धरून चालतात. तीस वर्षं या गावांतल्या मुली मला विद्यार्थिनी म्हणून मिळाल्या. हे मला माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही, एवढंच.

चांगुणाबाईंनी सूचना पाळली. बाईंनी लिहून दिलेलं ते, आणि घर टिकवायचं होतं.

भातकापणीचे दिवस होते. मी खालापूरला फोरमनसाहेबांकडे होते. साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला : चांगुणाबाई तीनदा विचारूनही उत्तर देत नाहीत. मी नंदाला फोन लावला. ती खळ्यावर होती, मागे झोडणीचा आवाज येत होता.

"काकू घरात नाय, बाई. दार लावलंय. मुरबाडला गेली आसल लेकीकडं."

"नक्की?"

"लावलंय म्हंजे लावलंय. धा दिस झालं, अशीच जातेय. आमाला आता सांगत बी नाय."

मी माझ्या नोंदवहीत 'बाहेरगावी' असं लिहिलं. सुरेशला तसं कळवलं. तो म्हणाला, "बरं झालं, तेवढाच तिला बदल." मग मी फोरमनसाहेबांकडे चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो.

साडेअकराला यंत्राचा निरोप पुन्हा आला. साडेबाराला पुन्हा. मला जरा रागच आला, कारण विषय मी मिटवला होता. मग फोरमनसाहेबांनी विचारलं, "त्या बाहेर गेल्या, तर यंत्राला सांगून गेल्या का?" मी फोनवरच्या नोंदी पाहिल्या. त्या दिवशी बाहेर गेल्याची एकही नोंद नव्हती. आदल्या दिवशी होती, त्याच्या आदल्या दिवशी दोन होत्या. ज्या बाई लाकडं आणायला जातानाही पाव्हण्याचा निरोप घेतात, त्या मुरबाडला न सांगता जातील?

मी नंदाला पुन्हा फोन लावला. "दार ढकल."

"आवं, लावलेल्या घरात कसं घुसायचं? लोक काय म्हनतील?"

"नंदा, घूस."

ती फोन चालू ठेवूनच धावली. तिचा धापा टाकण्याचा आवाज, मग दाराचा, मग यंत्राचा. ते शांतपणे विचारत होतं, "चांगुणाबाई, बऱ्या आहात ना?" आणि मग नंदाची किंकाळी.

चांगुणाबाई मोरीत पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं. अडीच तास त्या ओल्या फरशीवर होत्या. शुद्धीवर होत्या.

मी खालापूरहून पोचले तेव्हा टेंपो आला होता. त्यांना गोधडीवर घेऊन माणसं बाहेर पडत होती. त्या अवस्थेतही दोघींचं चाललं होतं.

"धा पावलांवर ऱ्हातेस गं, नंदे. धा पावलं!"

"दार कुनी लावलं व्हतं? मला काय सपान पडलं तू आत हायस म्हून?"

"मी का लावीन? बाईंनी सांगितलं व्हतं."

आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे माझं सूचनापत्रक होतं. चौथी सूचना मी दारात उभी राहून वाचली. माझंच अक्षर.  

पनवेलला ऑपरेशन झालं. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते. त्यांनी बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "तो इचारत व्हता, बाई. दर घटकेला. मी वरडत व्हते, त्याला जात नव्हतं ऐकू. पन तो इचारतोय म्हून मी डोळं मिटलं नाय. म्हनलं, ह्यानं सोडलं नाय तर कोन ना कोन येईल." मी आणि नंदा, दोन शहाण्या बायकांनी विचारणं सोडून दिलं होतं. त्या डब्याला 'बाहेरगावी' लिहून मोकळं होता येत नव्हतं, म्हणून ते विचारत राहिलं. ईरा, निषाद, मी यंत्राची पूजा करणाऱ्यांतली नाही. पण त्या दिवसाबद्दल मी त्याची ऋणी आहे, हे मला लिहून ठेवायचं आहे.

सुरेशने निर्णय घेतला होता. आई कळंबोलीला येणार, घर बंद होणार, यंत्र मी परत न्यायचं. मी त्याला सांगितलं की चूक यंत्राची नाही, त्यांचीही नाही, माझ्या पत्रकाची आहे. तो ओरडला नाही. म्हणाला, "बाई, तुमचं मशीन चांगलं आहे. पण दार उघडायला हात लागतात ना." हेच तर मलाही म्हणायचं होतं, की शेजाऱ्यांचे हात हवेत, पण त्याच्या तोंडून ते घर बंद करण्याचं कारण झालं होतं.

चांगुणाबाई कळंबोलीला तिसऱ्या मजल्यावर दोन महिने राहिल्या. सून चांगली होती, नातू लाघवी होता. त्या खिडकीशी बसून असायच्या. मी गेले की विचारायच्या, "घर हाय का?" जणू कुणी उचलून नेणार होतं.

याच काळात मी आयुष्यातलं सर्वांत कडक इंग्रजी पत्र लिहिलं. निरोप फक्त नातलगांना आणि समन्वयकाला, म्हणजे मला, जाईल, असा संस्थेचा नियम होता. मी लिहिलं की पहिला निरोप शेजाऱ्याला गेला पाहिजे, साध्या फोनवर, बोललेल्या मराठीत. आणि दार उघडं राहील, त्यामुळे चुकीची उत्तरं वाढतील. प्राचीचा फोन आला. "मॅडम, अॅक्युरसी खूप खाली जाईल हो."

म्हटलं, "जाऊ दे. मासळीवालीला सवय झाली आहे."

ती हसली. मग म्हणाली, "माझी आजी पण एकटी असते." पंधरा दिवसांत मंजुरी आली. त्या मुलीने तिथे कुणाकुणाशी भांडण केलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

मी अकराही घरी जाऊन चौथी सूचना स्वतःच्या हाताने खोडली. फोरमनसाहेबांकडे ती आधीच लाल पेनाने खोडलेली होती. शेजारी शेरा होता : 'अव्यवहार्य. पाळली नाही.'

पण सुरेशला तेवढ्याने पटण्यासारखं नव्हतं. त्याला पटवलं नंदाने. ती एकटी कधी पनवेलच्या पुढे गेली नव्हती. नव्या तांदळाची पिशवी घेऊन, पत्ता विचारत विचारत ती कळंबोलीला पोचली. मी तेव्हा तिथेच होते. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "सुरेश, तुजी आई माज्या दारासमोर ऱ्हाते. मी तिला अडीच तास मोरीत ठेवली. ते माज्या मनातनं जाईना. तिला पाठव. सकाळचा चा मी तिच्याकडं पिईन. तुला वाटंल तवा मला फोन कर, शिव्या दे, पन पाठव तिला."

चांगुणाबाई आतून म्हणाल्या, "आन चा पावडर मीच घालायची का?"

"मी आनते गं! लई कंजूष हायस."

सुरेश हसला. त्या घटनेनंतर तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने एका महिन्याची मुदत दिली. पहिल्या आठवड्यात रजा काढून तो स्वतः तिथे राहिला, परीक्षा घ्यायलाच. मी शुक्रवारी गेले तेव्हा ओटीवर बसला होता. म्हणाला, "सकाळपासून सातजण डोकावून गेले, बाई. एकाने तर मलाच विचारलं, तू कोण?" रविवारी तो कळंबोलीला परत गेला. एकटाच.

पाव्हणा आता दाराजवळ असतो आणि बहुतेक वेळा गोंधळलेला असतो. कोंबड्यांना उत्तरं देतो. संस्थेच्या अहवालात त्या घरासमोर 'वापर कमी' असा शेरा येतो, कारण चांगुणाबाई त्याच्याशी पूर्वीइतकं बोलत नाहीत. त्यांना नंदाशी भांडायचं असतं.

सगळीकडे असं झालं नाही. हे लपवून ठेवलं तर हे पत्र खोटं होईल. नेरळजवळच्या एका घरी माझ्या पत्रकामुळे दार बंद झालं ते झालंच. पूर्वी डोकावणाऱ्या शेजारणीने दरम्यान जागा विकली आणि ती नव्या इमारतीत राहायला गेली. तिथल्या आजी यंत्राशी दिवसभर बोलतात आणि मी निघाले की माझा पदर सोडत नाहीत. मी तिथे ठरल्यापेक्षा तासभर जास्त बसते. त्याने झालेलं भरून येत नाही.

पुढल्या महिन्यात हे काम मी दुसऱ्या बाईंकडे सोपवते आहे. गुडघे ऐकत नाहीत. नोंदवही, पत्रकाची नवी प्रत, सगळ्यांचे फोन नंबर तयार आहेत. चांगुणाबाईंनी विचारलं, "नवी बाई चा पिते ना?" मी पिते म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मला माहीत नाही.

या कामाने मला काय दिलं, ते नीट मांडता येत नाही. शाळेत मी शिकवायची आणि मुली उभ्या राहायच्या. इथे मी चुकले आणि ज्यांचं त्यात नुकसान झालं त्यांनीच मला बसायला पाट दिला. याबद्दल मी कृतज्ञ आहे.

आज शुक्रवार. सकाळी कडावला जाऊन आले. अकरा यंत्रांपैकी आठ चालू आहेत. चांगुणाबाई काठी घेऊन चालतात, स्वतः भाकरी करतात आणि आपल्याच घरात राहतात.

तुमची,
आजी